अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राची पाळी

पानांच्या खाचेत तांदळाचा एक दाणा अडकला होता आणि सालोमी कितीतरी वेळ नुसती त्याच्याकडेच बघत होती — मांडीवर सूप, शेजारी पाटावर उघडं पवित्र शास्त्र. निवडता निवडता वाचायचं ही तिची जुनी सवय. दाणा तिनं नखानं काढला, सुपात टाकला. वचन तेच होतं. मघाशीही तेच होतं.

दर बुधवारी चर्चच्या महिला मंडळात बायबलमधलं एक स्तोत्र, क्रमानं; आणि वाचणारीनं शेवटी उभं राहून साक्ष द्यायची, देवानं आपल्याला कसं सांभाळलं ते सांगायचं. आज अठ्ठ्याऐंशीवं. पाळी तिची. कुणी मुद्दाम आणली नव्हती, आपोआप आली होती. तसं सगळं आपोआपच चाललं होतं... चूल पेटायची, भात शिजायचा, शाळेत ती मुलींना शिवण शिकवायची. रडू तेवढं यायचं नाही. बायका म्हणायच्या, काय बाईचा विश्वास! विश्वास कसला डोंबलाचा. लाकूड झालं होतं नुसतं.

आणि हे स्तोत्र... रोज सकाळी उठून एक माणूस देवाला हाका मारतो, उत्तर येत नाही, जिवाभावाची माणसं दूर जातात आणि शेवटी अंधार. बस्स. बाकीची स्तोत्रं कितीही रडली तरी बहुतेक शेवटी डोळे पुसून स्तुती करतात. हे तेवढंही करत नाही.

"सालोमे, तयारी झाली न्हवं?" मंडळातल्या सगळ्यांत थोरल्या बायडाबाई दारातूनच ओरडल्या. "त्यो शेवट लई वंगाळ हाय बघ. पुढच्या स्तोत्रातली स्तुतीची दोन वचनं जोड की. आभार मानल्याबिगर साक्ष व्हती व्हय?"

"बघते, बाई."

"बघतीस काय? जोड म्हंजे जोड. आन् पोरीबद्दल बोल. देवानं बळ दिलं म्हण."

पोरीबद्दल... मार्था, एकोणीस वर्षांची. फेब्रुवारीत काविळीनं पडली. एका शनिवारी ताप उतरला, तिनं स्वतः मागून वाटीभर पेज खाल्ली, आणि रविवारी सालोमी भर उपासनेत उठून उभी राहिली — माझं लेकरू देवानं बरं केलं — आणि सगळी मंडळी एका आवाजात आमेन म्हणाली. गुरुवारी मार्था गेली. घाई झाली का माझी? आठवडाभर तोंड बंद ठेवलं असतं तर? दिलेली साक्ष मागे कशी घ्यायची, हे कुणी शिकवलंच नव्हतं. त्या रविवारबद्दल नंतर कुणी चकार शब्द काढला नाही. तिनंही नाही.

चार वाजता ती देवळामागच्या खोलीत उभी राहिली. पुढ्यात अकराजणी. कागदाच्या चिठोऱ्यावर पुढची दोन वचनं तिनं उतरवून आणली होती, नाही कशाला म्हणू. वाचायला लागली. आवाज सपाट, दुसऱ्याच बाईचा असावा तसा... रोज सकाळच्या हाका, लपवलेलं तोंड, दूर केलेली माणसं. अंधारापाशी ती थांबली.

पंखा फिरत होता. बायका वाट बघत होत्या.

"पुढं?" बायडाबाई हळूच म्हणाल्या.

चिठोरा हातातच होता. वाचायला कितीसा वेळ लागणार होता? अकरा बायका आमेन म्हणाल्या असत्या, मग चहा.

"पुढं न्हाय," ती म्हणाली. शाळेत कधी न वापरलेली, आईच्या घरची बोली आपसूक तोंडात आली. "हितंच संपतंय."

कुणी आमेन म्हटलं नाही. बायडाबाईंनी पदर सावरला. सालोमी तशीच उभी होती, आणि छातीत काहीतरी तापत वर चढत होतं... चारचौघांत उभं करून खोटं पाडलंस मला. माझ्या तोंडून आभार वदवून घेतलेस आणि गुरुवारी — लाज वाटली नाही तुला? ओठ हलत नव्हते, पण फेब्रुवारीपासून ती पहिल्यांदाच प्रार्थना करत होती. राग आला होता तिला, भयंकर राग. आणि ज्याच्यावर आला होता तो एकेक शब्द ऐकतोय, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.