गिळलेली अक्षरं

“पुन्हा गिळलं,” वीबे म्हणाला.

हिस्केनं कॉफीचा कप टेबलावर ठेवला आणि त्याच्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं. त्याला ‘ब्रुग’ लिहायचं होतं. डचमध्ये ब्रुग म्हणजे पूल. चार रोमन अक्षरांचा शब्द, आणि स्क्रीनवर तीनच उमटली होती. मधला यू गायब.

“परत कर.”

वीबेनं डाव्या हातानं परत केलं. उजवा हात मांडीवर पालथा पडलेला होता. बी, आर, मग अंगठ्यानं स्पेसबार दाबून धरून पुन्हा तीच आरची कळ, मग जी. यू पुन्हा आला नाही.

“बोट,” तो म्हणाला. “बोट चुकतं.”

“बोट बरोबर पडलं. मी पाहत होते.”

“मग डोकं.”

खुर्ची ओढून हिस्के त्याच्या डावीकडे बसली. तिचा गुरुवार सुट्टीचा असे, आणि गेल्या उन्हाळ्यापासून तिचे सगळे गुरुवार माक्कुममधल्या या स्वयंपाकघरात जात होते. आज सकाळी उठताना तिला वाटलं होतं, आज न जावं. फोन करून सांगावं, सर्दी झालीय. मग ती उठली, गाडीच्या काचेवरचं दव पुसलं आणि आली.

वीबे आणि ती एकाच कंपनीत कालव्यांवरच्या पुलांचे आणि पाणदरवाज्यांचे प्रोग्राम लिहीत आले होते. बोट आली की फाटक कधी पडायचं, पूल कधी उचलायचा, दिवे कधी विझवायचे, हे सगळं दूरच्या एका खोलीतून चालतं, आणि ते चालवणारी कित्येक हजार वाक्यं वीबेनं लिहिलेली होती. ती टाइप करायचा त्याचा एडिटर, म्हणजे लिहिण्याचा प्रोग्राम, जुना होता. कोरा हातात मिळायचा आणि मग कोणत्या कळेनं काय करायचं ते आपणच त्याला शिकवायचं. वीबेनं त्याला आयुष्यभर शिकवलं होतं. त्याची सेटिंगची फाइल एखाद्या जुन्या घराच्या वायरिंगसारखी झाली होती. कोणती तार कुठे जाते ते फक्त त्यालाच ठाऊक, आणि तेही त्याच्या बोटांना. ऑफिसमधली बाकी सगळी मंडळी एक नवा, सर्वांना सारखाच एडिटर वापरत. जुना वापरणारी ही दोघंच उरली होती.

मग वीबेच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद पडली. पाय परत आला. बोलणंही आलं, पण त्यात फटी राहिल्या. उजवा हात आला नाही. कोणती आज्ञा कोणत्या कळेवर आहे हे त्याला विचारलं तर सांगता येत नसे. पूर्वी हात कीबोर्डवर ठेवला की बोटं आपोआप जात. आता त्यातली अर्धी बोटं गेली होती आणि त्यांच्याबरोबर त्यांना जे माहीत होतं तेही.

म्हणून हिस्केनं एडिटरमध्ये एक आरसा बसवला. स्पेसबार दाबून धरला की कीबोर्डची उजवी बाजू डावीकडे उलटी येऊन बसायची. आरच्या जागी यू, ईच्या जागी आय, एसच्या जागी एल. एका हातात दोन हातांचं काम. दोन कळा एकत्र दाबायच्या त्या एकामागून एक दाबल्या तरी चालतील अशी सोय तिनं केली. हात हळू होता, म्हणून एडिटर थोडा जास्त वेळ वाट पाहील असंही केलं. हे सगळं चालू लागलं होतं. फक्त अक्षरं गळत होती, आणि सोमवारी त्याला ऑफिसात जायचं होतं.

सोमवार साधा नव्हता. आजारपणाची दोन वर्षं भरत आली होती, आणि कायद्यानं नोकरी तेवढीच राखून ठेवली जाते. कंपनीच्या डॉक्टर येणार होत्या, साहेब योरित असणार होता, आणि वीबेनं त्यांच्यासमोर एक खरं काम करून दाखवायचं होतं. त्यावर पुढचं ठरणार होतं.

“अर्धी बंद करूया,” हिस्के म्हणाली.

“कंटाळा.”

“मलाही आहे. तरी करूया.”

सेटिंगच्या फाइलीत दोष असला आणि सापडत नसला की एकच उपाय असतो. अर्धी फाइल बंद करायची, एडिटर पुन्हा सुरू करायचा, दोष राहिला का ते बघायचं. राहिला तर तो उरलेल्या अर्ध्यात आहे. मग त्याचं पुन्हा अर्धं. दरवेळी वीबे तोच शब्द लिहायचा आणि दरवेळी हिस्के बघायची. कधी तो शब्द लिहायच्या आधीच विसरायचा की काय लिहायचंय, आणि ती नुसतं “पूल” म्हणायची.

“सकाळपासून इतके पूल,” तो म्हणाला, “आणि एक बोट नाही.”

हिस्के हसली. त्याची बायको बाउक्ये साखरेचा पाव कापत होती, तीही हसली. पण तिनं हिस्केकडे पाहिलं नाही.

मध्येच त्यानं दुसरा शब्द करून पाहिला. ‘स्लाउस’, पाणदरवाजा. तिथे एल गळला. मग स्वतःचं नाव लिहिलं आणि त्यातला ई गळला. त्या नावाकडे तो बराच वेळ पाहत राहिला.

“थांब,” हिस्के म्हणाली. “आर आणि यू. एस आणि एल. तुझ्या नावात आय आणि ई. अरे, या सगळ्या एकाच कळेवरच्या जोड्या आहेत. तीच कळ लागोपाठ दोनदा. दुसऱ्यांदा दाबली की गिळतो.”

त्यानंतर फार वेळ लागला नाही. फाइलीच्या अगदी तळाशी वीबेनं स्वतःच लिहिलेल्या चार ओळी होत्या, इतक्या जुन्या की त्यातली लिहिण्याची पद्धतही आता कुणी वापरत नाही. वर शेरा होता: कीबोर्डवर ताक सांडलंय, कळा चिकटतात, लागोपाठ आलेली तीच कळ एकदाच धरावी.

“बाउक्ये,” हिस्केनं विचारलं, “ह्याच्या कीबोर्डवर कधी ताक सांडलं होतं?”

“मीच सांडलं. आम्ही स्नेकला भाड्यानं राहत होतो तेव्हा. नवीन घे म्हटलं तर ऐकेना. हा म्हणे, मी ह्यालाच समजावतो.”

तो कीबोर्ड कधीच गेला होता, त्यानंतरचेही गेले होते. त्या ओळी मात्र आपलं काम करत होत्या. पूर्वी त्या फक्त क्षणभराच्या आत पुन्हा आलेली कळ गिळत, म्हणून कुणाला जाणवलं नाही. हळू हातासाठी हिस्केनं एडिटरची वाट पाहण्याची वेळ वाढवली, तेव्हा या ओळींचीही वाढली, कारण त्या तोच आकडा वापरत होत्या. दोष तिनंच जागा केला होता. तिनं तसं सांगितलं.

वीबेनं मान हलवली. त्याला दुसरंच काही सुचत होतं.

“म्हणजे बोट नाही,” तो म्हणाला.

“नाही.”

“डोकं नाही.”

“नाही, वीबे. ताक.”

तिनं त्या चार ओळी पुसल्या. वीबेनं ‘ब्रुग’ लिहिलं. मग ‘स्लाउस’. मग आपलं नाव. सगळं अख्खं उमटलं. नावापुढे त्यानं बायकोचं नाव लिहिलं, आणि मग खुर्चीतच मान मागे टाकून डोळे मिटले.

निघताना बाउक्ये दारापर्यंत आली. बाहेर वारा होता, म्हणून तिनं दार आतूनच लोटून धरलं.

“तू गेलीस की हा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपतो,” ती म्हणाली. “तुला माहीत नसेल म्हणून सांगते.”

“मला वाटलं, थोडा आराम करतो.”

“आराम नाही गं. पडतो. जेवायलाही उठत नाही. संध्याकाळीही काही खरं नसतं. शनिवारी जरा माणूस दिसतो.”

“मग मी येऊ नको का?”

“तसं नाही म्हणत. तुझी वाट पाहतो तो.” बाउक्येनं दाराची कडी उगाच वरखाली केली. “सोमवारी नाही जमलं तर खचेल. आणि जमलं तर रोजच असा पडेल. माझं मला कळत नाही, मी कशासाठी प्रार्थना करू.”

हिस्के गाडीत बसली. बराच वेळ तिनं गाडी सुरू केली नाही. वीबे परत यावा असं तिला वाटत होतं, ते त्याच्यासाठी किती आणि आपल्यासाठी किती, हे तिला सांगता आलं नसतं. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर आजूबाजूची मंडळी घरांच्या किमती आणि स्कीइंगबद्दल बोलत. एखादी जुनी आज्ञा कशी लिहिली असती यावर अर्धा तास भांडणारं कुणी नव्हतं.

सोमवारी वीबे इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्याची जागा खिडकीजवळ तशीच ठेवली होती. योरित स्वतः कॉफी घेऊन आला. तो पोरसवदा असताना वीबेच्या हाताखाली लागला होता, आता सगळ्यांचा साहेब होता, आणि आज त्याला कुठे उभं राहावं ते कळत नव्हतं.

“काम साधं आहे,” तो म्हणाला. “बोल्स्वार्डकडचा पूल. फाटक वर जातं, तरी लाल दिवा लुकलुकत राहतो. लोक थांबून राहतात, मागचे भोंगे वाजवतात.”

“माहीत आहे पूल,” वीबे म्हणाला. “हट्टी.”

डॉक्टर बाई जरा लांब बसल्या. हिस्के आपल्या जागेवर आपलं काम करत असल्यासारखी बसली.

एडिटर सुरू झाला. एकही अक्षर गळलं नाही. वीबे आधी नुसता वाचत होता, ओठ हलवत. मग डावा हात चालू लागला. पूर्वी त्यानं हे काम कॉफी गार व्हायच्या आत केलं असतं. आता सकाळ गेली. मध्ये त्यानं एकदा डोळे दाबले, एकदा स्पेसबार दाबून ठेवून पुढची कळच विसरला आणि तसाच थांबला. हिस्केची बोटं तिच्या मांडीवर हलली. ती उठली नाही. थोड्या वेळानं त्याला कळ आठवली.

दोन ओळींचा क्रम उलटा होता. त्यानं तो सुलटा केला, चाचणी चालवली, आणि चाचणीत दिवा वेळेवर विझला.

“झालं,” तो म्हणाला.

नियमाप्रमाणे दुसऱ्या कुणीतरी ते तपासायला हवं होतं. हिस्केनं तपासलं. जिथे शेरा लिहायचा तिथे त्यानं शेराही लिहिला होता, पूर्ण वाक्यात. तिनं काहीच न बदलता मंजूर केलं.

छोट्या खोलीत चौघं बसली. डॉक्टर बाईंनी विचारलं, “आता कसं वाटतंय तुम्हाला?”

वीबेनं उत्तराला वेळ घेतला. “आज सोमवार,” तो म्हणाला. “पण तो शब्द शोधावा लागला.”

बाईंनी काहीतरी टिपून घेतलं.

योरित पुढे झुकला. “वीबे, काम तू केलंस. चोख केलंस. मी घाई करणार नाही. आठवड्यातून दोन सकाळी ये. लिहिणंही नको. नव्या मंडळींना जुने पूल समजावून सांग. नुसतं बोलायचं.”

“बोलायचं,” वीबे म्हणाला. “मी?”

तो हसला, आणि मग बाकीचे हसले, जरा सुटल्यासारखे. हसणं संपल्यावर तो टेबलाकडे पाहत राहिला. शब्द जमवताना तो असाच पाहत असे, सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी मध्ये बोललं नाही.

“जमतं,” तो म्हणाला. “तुम्ही पाहिलं. जमतं मला.” थोडं थांबून पुढे म्हणाला, “पण मग दिवस उरत नाही. बाउक्येला काही उरत नाही. आज जाईन घरी आणि... बुधवारी उठेन.”

“यावर उपाय करता येईल,” योरित म्हणाला. “वेळ कमी करू. अजून काही बदलून बघू. हिस्के आहे ना.”

हिस्केनं तोंड उघडलं. तिच्याकडे अजून उपाय होते. शब्द अर्धा लिहिला की उरलेला पुरा करणारी सोय होती. आवाजावर चालणाऱ्या आज्ञा होत्या. ती घरी जाऊन आजच बसली असती. तिनं वीबेकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता, शर्टाची इस्त्री पाठीवर पार मोडली होती, आणि तो तिच्याकडेच पाहत होता. तिनं तोंड मिटलं.

“नको,” वीबे म्हणाला. “थांबतो आता.”

डॉक्टर बाईंनी वही मिटली. पुढे काय काय होईल, पेन्शनचं कसं, कागद कुणाकडून येतील, ते त्यांनी हळू आवाजात सांगितलं. वीबे ऐकत होता की नाही कळत नव्हतं.

बाहेर आल्यावर बाउक्ये जिन्याजवळ त्याचा कोट घेऊन उभी दिसली. तिला कुणी काही सांगितलं नाही. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कोट दुसऱ्या हातात घेतला.

वीबे हिस्केपाशी थांबला. “तुझे गुरुवार,” तो म्हणाला.

“असू दे रे.”

“नाही.” त्याला वाक्य पुरं करायचंच होतं. “बोट नव्हतं. डोकं नव्हतं. ते कळलं. नाहीतर मी... चुकीच्या कारणानं थांबलो असतो.”

हिस्केनं मान डोलावली. तिला राग आला होता, कुणावर ते समजत नव्हतं, आणि त्याहून जास्त तिला झोप आली होती.

योरित निरोप द्यायला पुढे आला. सवयीनं त्यानं उजवा हात पुढे केला. मग त्याच्या लक्षात आलं. त्याचा चेहरा उतरला आणि तो हात मागे घेऊ लागला.

“थांब,” वीबे म्हणाला.

त्यानं डाव्या हातानं आपला उजवा हात मनगटाशी धरून उचलला, झोपलेलं मूल उचलावं तसा, आणि योरितच्या पंजात ठेवला.

“सगळं यानं लिहिलं,” तो म्हणाला. “याच्याशी मिळव.”

ती बोटं गार होती आणि मिटत नव्हती. योरितनं आपली बोटं त्यांच्याभोवती मिटली. मग केव्हा सोडायचं ते त्याला कळेना, आणि तो तसाच हात धरून उभा राहिला. वीबेला घाई नव्हती.