भाजीची पिशवी झालेली लाल बॅग

मित्रांनो, आज माझा रंग कुणी विटकरी म्हणेल, कुणी तपकिरी. पण मी मुळात लाल. मी एक जुनी बॅग आहे, रुग्णवाहिकेतली. आजारी माणसापाशी जी व्यक्ती सर्वांत आधी धावत पोहोचते, तिच्या खांद्याला मी लटकलेली असायचे. डॉक्टर भेटतात ते त्यानंतर.

तंबू आणि ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझा पट्टा शिवणाऱ्या बाईने एकाच जागी चार वेळा टाके घातले. शेजारची म्हणाली, "अगं, किती शिवशील?" ती म्हणाली, "कुणाच्या तरी घाईच्या वेळी सुटायला नको." घाई म्हणजे काय, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. ते ताईने शिकवले.

ताई पॅरामेडिक होती. म्हणजे रुग्णवाहिकेतून जाऊन जागेवरच उपचार सुरू करणारी. वयाने मोठे असोत की लहान, सगळे तिला ताईच म्हणत. गाडी चालवायला मामा. ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण चहाच्या टपरीवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचे मामा होते.

रोज सकाळी ताई मला टेबलावर पूर्ण रिकामी करायची आणि पुन्हा भरायची. डाव्या कप्प्यात हातमोजे. उजव्यात पट्ट्या आणि कात्री. मधल्या मोठ्या कप्प्यात रक्तदाबाचे यंत्र आणि श्वास देण्याचा रबरी फुगा. एकेक वस्तू ठेवताना ती पुटपुटायची. मामा दारातून विचारायचे, "झाली का सगळ्यांची हजेरी? कुणी दांडी मारली असेल तर पालकांना बोलावू." ताई हसायची नाही, पण कात्री दोनदा उघडमीट करून बघायची. म्हणायची, "मामा, डोळे मिटले तरी हात बरोबर पडला पाहिजे."

मित्रांनो, अशी बारा वर्षे गेली. मी जिन्याच्या पायऱ्यांवर जन्मलेले बाळ पाहिले. त्याला गुंडाळायला मामांनी अंगातला स्वेटर काढून दिला होता. परांचीवरून पडलेला गवंडी पाहिला. तो स्वतःचा मोडलेला पाय सोडून "खाली कुणाला लागलं नाही ना?" एवढेच विचारत होता. एक निवृत्त मास्तर दर आठवड्याला छातीत दुखते म्हणून फोन करायचे. आम्ही पोहोचलो की टेबलावर तीन कप चहा तयार असायचा. मामा वैतागायचे. ताई मात्र मास्तरांचा रक्तदाब मोजायची, चहाचे दोन घोट घ्यायची आणि सांगायची, "मास्तर, पुढच्या वेळी फोन मला करा, रुग्णवाहिकेला नको. मी सुट्टीच्या दिवशी येईन." आणि ती जायचीसुद्धा.

आमचे कौतुकही झाले. एका समारंभात ताईला शाल मिळाली. मला कुणी काही दिले नाही, पण त्या दिवशी ताईने मला ओल्या फडक्याने पुसले. मला तेवढे पुरे होते.

मग एके दुपारी ताईचा फोन वाजला. तिची आई दुसऱ्या राज्यात राहत होती. वडिलांची शेवटची नोकरी तिकडची, म्हणून घरही तिकडेच झालेले. वडील गेल्यावर आई तिथे एकटीच होती. तिला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणे गेले. ताईला ना भाऊ ना बहीण. तिने आईला इकडे आणायचे ठरवले, पण घराबाहेर न्यायचे म्हटले की आई डाव्या हाताने पलंगाची कड घट्ट धरून ठेवायची. शेवटी ताईच निघाली.

मी तोवर जुनी झाले होते. भांडारपाल म्हणाले, "हिचं नाव यादीतून काढलंय. हवी तर घेऊन जा." निरोपाच्या दिवशी मामांनी माझ्या सैल झालेल्या पट्ट्याला जाड दोऱ्याने टाके घातले. मान वर न करताच ते म्हणाले, "तिकडे काय माणसं आजारी पडत नाहीत होय? महिन्याभरात लागशील कामाला." त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. ताई एवढेच म्हणाली, "मामा, गाडी हळू चालवा." तिच्याकडून त्यांनी हे वाक्य पहिल्यांदाच ऐकले असावे.

नव्या राज्यात ताई तिथल्या कार्यालयात गेली, तेव्हा मी तिच्या मांडीवर होते. कागद चाळून कारकून म्हणाले, "तुमची नोंदणी इथे चालणार नाही."

"बारा वर्षांचा अनुभव आहे माझा."

"असेल हो. पण तो तिकडचा. इथली परीक्षा द्यावी लागेल, इथल्या भाषेत. वर्षातून एकदाच असते. यंदाची झाली."

घरी येऊन ताईने आईला सगळे सांगितले. मग म्हणाली, "काय गं आई, इकडे माणसाचं हृदय उजवीकडे असतं का?" आईचा अर्धा चेहरा हसला. ताई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

लहानपणी वसतिगृहात राहून ती फक्त सुट्टीत इकडे यायची, त्यामुळे तिला इथली भाषा मोडकीतोडकीच येत होती. तिला एका रुग्णालयाच्या धुलाई विभागात काम मिळाले. चादरी मोजायच्या, घड्या घालायच्या. तिथे रुग्ण दिसत नसत. सुरुवातीला ती परीक्षेचे पुस्तक आईच्या उशाशी घेऊन बसायची. पण आईला कुशीवर वळवायचे, भरवायचे, आंघोळ घालायची, आणि मग चादरी. हळूहळू ते पुस्तक औषधांच्या बाटल्यांखाली गेले.

मी कपाटावर धूळ खात पडले होते. एक दिवस बाजाराची पिशवी फाटली आणि ताईने मला खाली काढले. आतले रबरी तुकडे, जुने हातमोजे तिने एका डब्यात भरले. त्या दिवसापासून मी भाजी आणू लागले. मित्रांनो, भाजी वाहण्यात कमीपणा नाही. पण हजेरी घेणारे कुणी उरले नाही, याचे मला वाईट वाटायचे.

आणि एके सकाळी ते घडले. बाजारातून परतताना आम्ही बसथांब्यावर उभ्या होतो. शेजारी एक आजोबा आणि आजी होते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आलेले असावेत, कारण आजोबा पानसुपारीच्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचून दाखवत होते. वाचता वाचता ते थांबले आणि खाली कोसळले.

ताई त्यांच्यापाशी कशी पोहोचली, ते मलाही कळले नाही. गुडघे टेकले, मान सरळ केली, नाडी पाहिली आणि माझी चेन ओढली. तिचा हात थेट डाव्या कप्प्यात गेला.

तिथे मिरच्या होत्या. मधल्या कप्प्यात मटार होते.

एक क्षण, फक्त एकच क्षण, ती माझ्याकडे बघत राहिली. मग मला बाजूला सारून तिने दोन्ही हात आजोबांच्या छातीवर ठेवले आणि दाबायला सुरुवात केली. "रुग्णवाहिका बोलवा! कुणीतरी माझ्याबरोबर हात लावा!" घाईत ती आपल्या भाषेत ओरडली. कुणाला कळले नाही. मग तिने मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितले. एकाने फोन केला. हात लावायला कुणी पुढे आले नाही. एकाने मोबाइल उंच धरून चित्रण सुरू केले.

थोड्या वेळाने भोंगा ऐकू आला. तो आला आणि तिथेच राहिला. पुढच्या चौकात गाड्या अडकल्या होत्या आणि बाजूला कुणी होत नव्हते. भोंगा एकाच जागेवरून ओरडत होता. ताईच्या केसांतून घाम टपकत होता. दाबता दाबता ती आजोबांच्या कानाशी काहीतरी बोलत होती. तिचे दंड थरथरू लागले, तरी ती थांबली नाही. वीस मिनिटे, मित्रांनो. दोन मिनिटांत तरणेताठे हात थकतात.

रुग्णवाहिका आली. तिच्यातल्या पॅरामेडिकने जागा घेतली आणि विचारले, "तुम्ही कोण?"

ताई मागे सरकली. "कुणी नाही," ती म्हणाली.

गडबडीत कुणीतरी मला आजींची पिशवी समजून गाडीत ठेवले. दीड वर्षाने मी रुग्णवाहिकेत बसले होते, मटार घेऊन. समोर त्या पॅरामेडिकची निळी बॅग होती, सगळे कप्पे भरलेली. त्याने सगळे काही केले. वाटेतच त्याने घड्याळ पाहिले आणि आजींकडे न बघता हात थांबवले. आजींनी आजोबांच्या चपला छातीशी धरल्या होत्या.

आजींच्या घरात मी आठ दिवस एका खुंटीला होते. आतली भाजी सडली. कुणाला भान नव्हते. नवव्या दिवशी वास आला म्हणून आजींनी मला उघडले, धुतले, उन्हात टाकले. माझ्या झाकणाखाली ताईने पूर्वी कधीतरी लिहिलेला फोन नंबर त्यांना दिसला.

त्या मला घेऊन ताईच्या घरी आल्या. पलंगावरच्या आईकडे पाहून त्यांनी आवाज हळू केला. ताई म्हणाली, "आजी, मला माफ करा. माझ्याकडे काहीच नव्हतं. पूर्वी या पिशवीत..."

आजी म्हणाल्या, "एक विचारू? तू त्यांच्या कानात काय सांगत होतीस? मला तुझी भाषा कळली नाही."

ताई म्हणाली, "मी इथेच आहे आजोबा, असं म्हणत होते. दुसरं काही सुचलं नाही."

आजींनी तिचा हात हातात घेतला. "जणू तू त्यांच्या नात्यातलीच कुणी होतीस. मी घाबरून लांब उभी राहिले गं. तू तरी जवळ होतीस." मग दोघी रडल्या. पलंगावरून आईचा डावा हात पुढे आला, पण तो त्या दोघींपर्यंत पोहोचला नाही.

आजी गेल्यावर ताईने बाटल्यांखालून पुस्तक बाहेर काढले. मात्र पहिल्या परीक्षेत ती नापास झाली, भाषेमुळे. दुसरीला दोन महिने उरले असताना आई गेली. मामांचा फोन आला, "आता तिकडे कोण आहे तुझं? परत ये पोरी." ताईनेही बॅगा भरायला घेतल्या होत्या. मग थांबली. म्हणाली, "मामा, आता इथल्या लोकांना सांगता येईल इतकी भाषा आलीय मला. दुखतंय कुठे, ते विचारता येतं." आणि तिने इथेच परीक्षा दिली. पास झाली. पेढे द्यायला घरात कुणी नव्हते, म्हणून तिने आणलेच नाहीत.

आता ती पुन्हा गाडीवर जाते. तिला नवी निळी बॅग मिळाली आहे. मी दारामागे असते. काही दिवस ती आल्यावर भराभर बोलते. काही दिवस बूटही न काढता खुर्चीवर बसून राहते आणि पलंग होता त्या रिकाम्या जागेकडे बघते. तेव्हा मला कळते, आज कुणीतरी गेले.

मित्रांनो, मला शिवून घ्या, पुसून ठेवा, असे मी सांगणार नाही. माझे आयुष्य झाले. पण मागून भोंगा ऐकू आला तर बाजूला व्हा. रस्त्यात कुणी गुडघे टेकून एकटीच झटत असेल, तर मोबाइल खिशात घाला आणि शेजारी जाऊन बसा. आणि तुमच्या घरात किंवा शेजारी असे काम करणारे कुणी असेल, तर ते घरी आल्यावर "वाचला का?" असे लगेच विचारू नका. आधी विचारा, "जेवलीस का?" ताट वाढा. ती बोलली तर ऐका. नाहीच बोलली, तर तिचे जेवण होईपर्यंत समोर बसून राहा.