गोठ्यावरचा सिंह

रोझविथा गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी आली आणि अंगणातच थबकली. गोठ्याच्या दाराशेजारचा दगडी सिंह जागेवर नव्हता. तिथे सिमेंटचे ठोकळे बसवलेले, गिलावासुद्धा धड नाही.

हेल्मबाखच्या टेकडीवरचा किल्ला कधीच पडला होता. त्याचे दगड गावानंच खाली आणले. चर्चच्या पायऱ्या त्याच्या, निम्म्या घरांच्या भिंती त्याच्या, रोझविथाच्या गोठ्यातला सिंहही त्याचाच. कुणाला त्यात चोरी वाटली नव्हती. आता मात्र किल्ला पुन्हा उभारायला समिती निघाली होती आणि तिचा अध्यक्ष होता रोझविथाचा धाकटा दीर, ओटमार. त्यानं सिंह मागितला होता. तिनं साफ नाही सांगितलं होतं.

तिनं फोन लावला. "भावोजी, सिंह कुठाय?"

"वहिनी, गुडघा कसाय? रविवारी किल्ल्याच्या कमानीचं उद्घाटन आहे, तुमची खुर्ची पहिल्या रांगेत—"

"सिंह कुठाय?"

"जिथला होता तिथे, वर कमानीपाशी. गेर्नोट असता तर त्यानं हसत दिला असता."

"माझ्या मेलेल्या नवऱ्याच्या तोंडी शब्द घालू नका! जिवंतपणी त्यानं तुम्हाला याच दगडापायी फाटकाबाहेर काढलं होतं. मी दवाखान्यात पडायची वाट बघत होतात होय?"

"अहो, तो गावाचा आहे."

"मग तुमच्या तळघराच्या भिंतीही गावाच्याच. त्या कधी उपसताय?"

ओटमारनं फोन ठेवला.

रविवारी टेकडीवर बँड वाजत होता, सॉसेज भाजले जात होते. रोझविथा ट्रॅक्टर घेऊन वर आली. डॉक्टरनं तिला जिना चढायचीही मनाई केली होती. लोकांना वाटलं, बाई मानाच्या खुर्चीसाठी आली. त्यांनी टाळ्या वाजवत वाट दिली. ती लंगडत उतरली आणि सिंहाभोवती साखळी आवळू लागली.

ओटमारनं तिचं मनगट धरलं. "वहिनी, लोक बघतायत!"

"बघू देत की. तुम्ही काढलात तेव्हा कुणी बघत नव्हतं."

हात झटकून ती ट्रॅक्टरवर चढली. सिमेंट अजून कच्चं होतं. सिंह निघाला, पण आपटला आणि त्याचा जबडा फुटला. बँड थांबला.

"फोडलात!" ओटमार ओरडला. "एवढी शतकं टिकला होता!"

"आमच्या गोठ्यात टिकला होता, भावोजी."

दगड ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत चढवणं तिच्या एकटीच्यानं होईना. कुणी हललं नाही. शेवटी बेकरीवाली इर्मट्राउड ताटली बाजूला ठेवून पुढे आली. "धर तिकडून," ती म्हणाली. "उद्या माझ्या भिंतीपर्यंत यायचे हे."

गवंड्यानं समितीच्या भीतीनं काम नाकारलं. मग दोघी बायकांनीच ठोकळे फोडून सिंह परत बसवला, थोडा तिरका. दूध काढायला जाताना तो तुटका जबडा दिसला, की रोझविथाचं डोकं भडकायचं. दिरावर, आणि स्वतःवरही.

नाताळात ओटमारनं केक पाठवला. तिनं तो कोंबड्यांना घातला.