तळपट

रविवारी सकाळी चहा पिता पिता शार्दूलने विचारलं, "आई, मराठीत एखादी जबरदस्त शिवी सांग ना. पण घाण नको."

नीलाताईंनी पेपर खाली ठेवला. त्या एका मंत्रालयात अवर सचिव होत्या. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. मुलगा गुरुग्रामला नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी तिघांच्या बँडमध्ये गायचा. ब्लॅक मेटल, स्पीड आणि पंक यांची खिचडी, असं तो सांगे. नीलाताईंना ते भांड्यांचं कपाट कोसळल्यासारखं वाटे.

"गाण्यात इंग्लिशमध्ये सैतानाला बोलावून कंटाळा आलाय यार. आपलं काहीतरी पाहिजे."

नीलाताईंना लहानपणी वाईला शेजारी राहणाऱ्या लताकाकू आठवल्या. नळावर भांडण झालं की त्यांच्या तोंडाला खळ नसे. "लिही," त्या म्हणाल्या. "तळपट होवो. वाटोळं होवो. तोंडात माती पडो." बघता बघता पान भरलं.

शार्दूलने लगेच ओरडून पाहिलं, "तलपट होवो!"

"ळ! जीभ मागे वळव."

"तलपट!"

दहा वेळा सांगून झालं. शेवटी त्या साडी बदलून आल्या. "चल, मीच येते."

आयएनएवरून मेट्रोने दोघं गुरुग्रामला पोचले. तळघरातल्या सरावाच्या खोलीत गिटारवाली कृतिका आणि ड्रमवाला अनिश वाट बघत होते. अनिशने त्यांना खुर्ची दिली, कानात घालायला कापूसही दिला. वाद्यं सुरू झाली तशी खुर्ची थरथरू लागली. नीलाताईंनी पर्स घट्ट धरली. शार्दूल माइकपाशी गेला आणि पुन्हा ओरडला, "तलपट!"

आता मात्र त्यांना राहवेना. त्या उठल्या, मुलाला बाजूला सारलं. साहेबांनी तीन वेळा शेरा मारून परत पाठवलेली ऑफिसातली एक फाइल त्यांच्या डोळ्यांपुढे आली.

"तळपट होवो मेल्या तुझं!"

कृतिकाचा हात तारांवरच थांबला. नीलाताई ओशाळल्या. पण छातीत कसं मोकळं मोकळं वाटत होतं.

"आंटी," अनिश हळूच म्हणाला, "एक बार और? रिकॉर्ड करता हूँ."

मग एकदाचं चारदा झालं. पूर्ण पानच झालं म्हणा ना. शार्दूल जमिनीवर मांडी घालून आईकडे बघत बसला होता.

सोमवारी ऑफिसात त्यांचा घसा पार बसला होता. शेजारच्या टेबलावरच्या साधनाबाईंनी विचारलं, "सर्दी झाली का हो?"

"नाही," नीलाताई खरखरत्या आवाजात म्हणाल्या, "काल गायले."