चौथा दाब

"रेघा आहेत म्हणजे घासलंय, आणि घासलंय म्हणजे ग्रीस नाही," मॅनेजर म्हणाले. मी कापून आणलेल्या बेअरिंगच्या कड्यावरून त्यांनी नख फिरवलं. आतल्या रेघा एकसारख्या अंतरावर होत्या, आखून काढल्यासारख्या. घासून गेलेलं बेअरिंग असं दिसत नाही. सव्वीस वर्षं कारखान्यातल्या विजेच्या मोटारी उघडतोय, एवढं मला कळतं.

"साहेब, हे करंटचं काम आहे. वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह बसवल्यापासून मोटारीच्या दांड्यात करंट उतरतो. बेअरिंगच्या गोळ्यांमधून उडी मारून तो जमिनीत जातो. प्रत्येक उडीचा एक डाग. दांड्याभोवती ब्रशची रिंग घातली, तर त्याला दुसरी वाट मिळेल. दोनदा अर्ज दिलाय."

"दिलाय ना. खरेदीवाले अजून हसतायत, मोटारीला दागिने कशाला म्हणून."

टेबलाच्या टोकाला वहिनी उभ्या होत्या. थोरला भाऊ गेल्यावर मीच शब्द टाकून त्यांना ग्रीसिंगला लावलं होतं. दर महिन्याला प्रत्येक मोटारीला ग्रीसच्या गनचे चार दाब, हे त्यांचं काम. वर्षात तिसरं बेअरिंग गेलं आणि खापर त्यांच्या डोक्यावर फुटलं. करंट कुणाला दिसत नाही, वहिनी दिसतात.

"तुम्हाला काही सांगायचंय बाई?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी नको नको म्हणत होतो.

"चुकलं असेल माझंच," त्या म्हणाल्या.

झालं. त्यांनीच कबूल केल्यावर माझ्या कड्याला कोण विचारतो? त्यांचा राग आला, मग स्वतःचा आला. त्यांना कामावरून काढलं. जाताना त्यांनी गन रॉकेलने धुऊन, फडक्यात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवली.

त्यांच्या जागी आलेला माणूस चोख होता. चार म्हणजे चार. चौथ्या महिन्यात मी स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावली. बेअरिंग गेल्याची तीच घरघर. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. बेअरिंग काढलं, कापलं आणि कडं खिशात घालून तडक वहिनींकडे गेलो.

त्या शर्टांना बटणं लावत बसल्या होत्या. हल्ली तेच काम करत.

"वहिनी, पुन्हा गेलं. आत ग्रीस भरपूर होतं. तुमची चूक नव्हतीच."

त्यांनी कडं हातात घेऊन रेघांवरून अंगठा फिरवला.

"भावजी, एक सांगू? शेवटच्या मोटारीला मी कधी कधी तीनच दाब द्यायचे. हात भरून यायचे हो."

"त्यानं काही होत नाही. मी सांगतोय ना."

"तुम्ही घरचे, तुम्ही असंच म्हणणार." त्यांनी कडं पदराने पुसून मला परत दिलं. "त्या नव्या माणसाला तेवढं सांगा, चौथा चुकवू नकोस म्हणावं."

मी सांगतो म्हटलं. त्यांनी दातांनी दोरा तोडला आणि पुढचं बटण घेतलं.