गुरुवारचं तळण

ते १९९६ साल होतं. तळ्याकाठच्या आमच्या बालिक्ची गावातला मासळीचा कारखाना बंद पडला होता आणि गावातले निम्मे पुरुष काही ना काही विकायला सायबेरियात गेले होते. आमच्या घरातून हेही गेले. सप्टेंबरात कांद्यांचा ट्रक भरला आणि सादिरबरोबर निघाले. सादिर आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचा. यांचा लहानपणापासूनचा मित्र. डिसेंबरात तो एकटाच परत आला. हे बर्नाउलच्या बाजारात मागे थांबलेत, माल संपला की येतील, एवढं दारातच सांगून त्यानं चहाही न घेता पाठ फिरवली.

घरात आम्ही चौघं उरलो. मी, सासू, सात वर्षांची चोल्पोन आणि चार वर्षांचा सामत. सासूला आम्ही सगळेच एने म्हणत असू. मी दवाखान्यातल्या चादरी धुवायचं काम करायची. घरी पोचेपर्यंत अंधार पडायचा, तळ्यावरचा वारा सुटला असेल तर आणखीच उशीर. उंबरा ओलांडला की दोन्ही पोरं भुकेनं कोटाला लोंबकळायची. त्यातही सामतला गाजराला टेकलेला बटाटा चालत नसे आणि चोल्पोनला रश्श्यात चरबी तरंगताना दिसली की ओकारी यायची. अशा पोरांपुढे आयत्या वेळी काय रांधायचं याचा विचार करता येत नाही. म्हणून रविवारी संध्याकाळी एने आणि मी जमिनीवर जेवणाचा दस्तरखान पसरून बसायचो आणि पाच रात्रींचं जेवण ठरवायचो.

एने दुपारी कणीक मळून, लाटून, सुरीनं बारीक शेवया कापून ठेवत. त्यामुळे सोमवारी त्याच, रश्श्यात सोडलेल्या. बटाटे मंगळवारी. शेजारणीच्या गाईनं मनावर घेतलं तर बुधवारी दूधभात. शुक्रवारी जे उरेल ते एकत्र शिजायचं आणि त्याला एने दर आठवड्याला नवं नाव द्यायच्या, म्हणजे पोरांना वाटावं की काही वेगळंच केलंय. पगाराऐवजी आम्हाला कधी साखर मिळायची, कधी पीठ, कधी नुसता साबण. साबण मिळाला त्या रविवारी मी रडकुंडीला आले होते. एने वड्या हुंगत म्हणाल्या, "चला, या आठवड्यात पोरांची आतडी तरी स्वच्छ निघतील."

गुरुवार तेवढा ठरवावा लागत नसे. गुरुवारी सरकीच्या तेलात सात पोळ्या तळायच्या, हे माझ्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं. तापल्या तेलाचा वास घराबाहेर जातो आणि घरातून गेलेल्यांना पोचतो. त्या दिवशी ते दाराशी येऊन उभे असतात. तळून झालं की एने हात पसरून कुराणातल्या ओळी म्हणत, मग एकेकाचं नाव घेत. माझे सासरे, एनेंचे दोन भाऊ, आणि गोवरात गेलेली त्यांची लेक, आक्तिलेक. पोरांच्या लेखी मात्र गुरुवार म्हणजे गरम पोळी आणि वर चिमूटभर साखर. सोमवारपासूनच सामत विचारायला लागे, आज गुरुवार आहे का.

जानेवारीतल्या एका गुरुवारी एनेंनी आक्तिलेकचं नाव घेतलं, ते नेहमी शेवटी असे. हात अजून पसरलेलेच होते. सामतची नजर पोळ्यांवर होती. त्यानं एनेंच्याच सुरात म्हटलं, "आणि बाबा."

चोल्पोननं त्याच्या तोंडावर फटकन मारलं. ती शाळेत जात होती, ही नावं मेलेल्यांची असतात हे तिला कळलं होतं. सामत रडला नाही, नुसता आमच्याकडे बघत राहिला. एनेंनी हळू आवाजात त्याला विचारलं, बाबाचं नाव का घेतलंस.

"जे जेवायला येत नाहीत त्यांना बोलवायचं असतं ना," तो म्हणाला.

त्या रात्री एने जेवल्या नाहीत. पुढच्या रविवारी ठरवायला बसलो, तेव्हा त्यांनी आधीच सांगून टाकलं की गुरुवारचं दुसरं काहीतरी बघ. तेल आहे की, मी म्हटलं.

"तेलाचं कोण बोलतंय? पोराच्या तोंडून नाव निघालंय. आता पुन्हा तळलं तर तो त्यांच्यातच धरला जाईल. माझा मुलगा त्या दारात उभा राहीपर्यंत कढई चढायची नाही."

मग गुरुवारीही शेवया. पोरं रुसली, सामतनं एकदा वाटी पालथी केली. मी त्याला रागावले, पण एनेंशी वाद घातला नाही, कारण मलाही तेच हवं होतं. तेलाचा वास न येता गुरुवार गेला की वाटे, हे अजून आहेत. अंथरुणात पडल्यावर मी तेवढ्यावर झोपत असे.

एनेंना मात्र ते जड गेलं. एका मुलासाठी त्यांनी बाकी सगळ्यांना उपाशी ठेवलं होतं. सकाळी चुलीत कोळसा घालताना त्या म्हणत, काल पुन्हा आक्तिलेक आली होती, आत ये म्हटलं तरी येत नाही, उभीच राहते. त्यांचे गाल बसले. मी एकदा सुचवून पाहिलं की नाव कुणाचंच घ्यायचं नाही, नुसत्या तळू.

"नाव न घेता तळायला मी काय स्टेशनावर पिरोश्की विकते?" त्या म्हणाल्या आणि पाठ करून बसल्या.

सादिरकडे मी कितीदा तरी गेले. दर वेळी त्याची बायको दार अर्धवटच उघडे. कधी तो झोपलेला असे, कधी बाहेर गेलेला. त्याचे बूट मला तिच्या पायांमागे दिसत.

एप्रिल उजाडला, गल्लीत बर्फाचा चिखल झाला. त्या गुरुवारी मी कामावरून येत होते. वळणाशीच तेलाचा वास आला. दुसऱ्या कुणाचा असेल असं वाटलं. पण पुढे गेले तसा वास वाढत गेला, आणि आमच्या फाटकाशी पोचले तेव्हा शंकाच उरली नाही. आमच्याच घरात कढई चढली होती.

मुलगा दारात उभा राहीपर्यंत नाही, असं एने म्हणाल्या होत्या.

मी धावले. हातातली पिशवी कुठे पडली ते कळलं नाही. ओसरीत पुरुषाचे बूट होते, चिखलानं भरलेले. मी ते बघितले आणि हसले. मोठ्यानं हसल्याचं मला आठवतं. मग आत गेले.

दाराजवळ, जिथे आम्ही पाहुण्याला कधी बसवत नाही, तिथे सादिर टोपी हातात धरून बसला होता. त्यानं मान वर केली नाही. एने चुलीशी होत्या, त्यांनी सातवी पोळी काढली आणि मला बस म्हणाल्या. मग सादिरला म्हणाल्या, "सांग हिला. मला सांगितलंस तसंच सांग."

त्यानं सांगितलं. नोव्हेंबरात थंडी फार होती म्हणून दोघं ट्रकच्या बंद हौद्यात कोळशाची शेगडी पेटवून झोपले होते. सकाळी सादिरला जाग आली, यांना आली नाही. बाजारातल्या कझाक माणसांनी आंघोळ घातली, गावाबाहेर माती दिली. शेगडी आत घ्यायची कल्पना सादिरची होती, म्हणून त्याची जीभ रेटत नव्हती.

समोर शुक्रवारचंही पीठ संपलेलं दिसत होतं आणि उद्या पोरांना काय घालायचं, हेच मी बराच वेळ मनात घोळवत होते.

एनेंनी हात पसरले. ओळी म्हणून झाल्या. सासऱ्यांचं नाव झालं, भावांचं झालं, आक्तिलेकचं झालं. मग त्यांचे ओठ हलले, पण काही आलं नाही. पुन्हा एकदा प्रयत्न केला.

"पुढचं तू घे, पोरी," त्या म्हणाल्या. "मी त्याला जन्म दिलाय. मला नाही जमत."

आमच्यात सून नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्न झाल्यापासून मी ते एकदाही उच्चारलं नव्हतं, एकांतातही नाही. "अहो" म्हणायची, नाहीतर चोल्पोनचे बाबा. मी एनेंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, चालतं म्हणून.

"ताश्तान," मी म्हटलं.

आवाज जरा मोठाच निघाला. सामत वळून दाराकडे बघायला लागला.

एने त्यानंतर दीड वर्ष जगल्या. त्यांनी एकही गुरुवार चुकवला नाही, आणि शेवटचं नाव त्या नेहमी माझ्यावर सोपवत. सादिर दर शरद ऋतूत आमच्या अंगणात न सांगता कोळसा टाकून जाई. मी तो जाळला, पण त्याला कधी चहा विचारला नाही. पुढे दारूनं गेला तो. चोल्पोन बिश्केकमध्ये गणित शिकवते. तिला दोन मुलं आहेत. संध्याकाळी दुकानातून तयार जेवण आणते आणि मी काही बोलेन या धास्तीनं आधीच हसते. सामत एकोणिसाव्या वर्षी रशियात गेला, येकातेरिनबुर्गला टॅक्सी चालवतो. एकदा बर्नाउलला जाऊन आला. कबरस्तान फार वाढलंय, त्याला काही सापडलं नाही. मी त्याच घरात आहे. सोमवारी पातेलंभर रस्सा करते, तो गुरुवारी कढई चढेपर्यंत सहज पुरतो.