सगळ्यांनी पाहिले, आले कुणालाच नाहीत

आमच्या कंपनीत सव्वातीनशे माणसं आहेत. वर्षाराणीचे फोटो त्यातल्या किती जणांनी पाहिले असं कुणी विचारलं, तर मी सांगेन, चारशे जणांनी. हो, चारशे! कारण काही हलकटांनी ते घरी नेऊन मेव्हण्याला दाखवले, आणि मेव्हण्यानं बायकोला.

मी मंदा. तारापूरच्या एमआयडीसीत औषधाची पावडर बनवणाऱ्या कंपनीत पॅकिंगची इनचार्ज. जतकडची, पण बावीस वर्षं कुंभवलीत काढली. माझं तोंड फाटकं आहे हे तिन्ही पाळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे मी बोलले तर कुणाला नवल वाटत नाही. या वेळी मात्र मी बोलायला पाच दिवस लावले. ते पुढं येईलच.

वर्षाराणी माझ्या हाताखालची. सत्तावीस वर्षांची, बीडकडची, लग्न होऊन बोईसरला आलेली. नवरा इंद्रजीत गुजरातेत दहेजला प्लँटवर, पंधरा दिवसांतून एकदा घरी. त्या दोघांनी एकमेकांना कसले फोटो पाठवायचे हे त्यांचं ते बघतील. नवराबायको आहेत. नसते तरी तुमच्या बापाचं काय जात होतं? त्यातले चार फोटो तिच्या फोनमधून कुणीतरी चोरले आणि एका रविवारी मोबाइलवरून सोडून दिले. सोमवारी सकाळी मी गेटवर पोचले तर बाप्यांचे घोळके माना खाली घालून उभे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणी वारलं की काय.

नंतरच्या दिवसांत जे ऐकलं त्यानं तळपायाची आग मस्तकात गेली. कँटीनचा कंत्राटदार म्हणाला, "बघवत नाही हो मंदाताई." मेल्या, बघवत नव्हतं तर चौथ्या फोटोपर्यंत कसा पोचलास? बॉयलरवरचा एक काका, गळ्यात तुळशीची माळ, तो म्हणाला संस्कार कमी पडले. वरून कीर्तन, आतून तमाशा! आणि आमच्या बायका काय कमी? "असले फोटो काढायचेच कशाला?" असं म्हणताना एकेकीचे डोळे नुसते चकाकत होते. कुंभवलीत आमच्या दारी मावरं घेऊन येणारी सातपाटीची मैनाबाई तेवढी चिडली. टोपली उतरवली आणि माझ्या शेजारणीला म्हणाली, "तिला कशाला शिव्या देते गो? तिनं काय कोनाचं चोरलंय? चोर कोन हाय त्याला धरा ना. नाय तर गप ऱ्हावा नि बोंबील घ्या." शेजारीण बोंबील न घेता आत गेली.

आता चोरी कशी झाली ते सांगते, कारण त्यात माझा हात आहे.

आमच्या प्लँटमध्ये झटकन पेट घेणाऱ्या सॉल्व्हंटची पिंपं असतात, म्हणून आत फोन न्यायला बंदी. गेटवर टाइम ऑफिस आहे, तिथल्या लाकडी खणांत फोन ठेवायचा, बिल्ला घ्यायचा आणि आत जायचं. गेल्या वर्षी आमचे मॅनेजर प्रफुल्ल साहेब यांनी हजेरीचं नवं सॉफ्टवेअर आणलं. पाळी सुरू झाली की प्रत्येकाच्या फोनवर एक कोड येतो, तो टाकला तरच हजेरी लागते. कोड येतो फोनवर, फोन गेटवर, आणि माणूस आत पिंपाजवळ! डोंबल तुमचं सॉफ्टवेअर. पहिल्या महिन्यात अर्ध्या बायकांची हजेरी बुडाली. टाइम ऑफिसचा केतन म्हणाला, फोन उघडता आला तर कोड मी टाकतो. मग मीच डोकं लढवलं. सगळ्यांना सांगितलं, पिन नंबर चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी फोनच्या पाठीला चिकटवा. एकसष्ट बायकांनी माझ्या शब्दावर चिठ्ठ्या चिकटवल्या. वर्षाराणीनं "ताई, नको वाटतंय" म्हटलं, तर मी तिला म्हणाले, "तुझ्या फोनमध्ये काय टाटाची तिजोरी आहे का?" हजेरी सुरळीत लागली. प्रफुल्ल साहेबांनी मला शाबासकी दिली.

केतन म्हणजे खाली मुंडी, पाताळ धुंडी. बायकांना ताई म्हणणार, चहा विचारणार. दोनदा मी त्याला कुणाच्या तरी फोनमध्ये नको तितका वेळ डोकं घालून बसलेला पाहिला होता. एकदा विचारलंही. "नेटवर्क नाय ताई," म्हणाला. मी पुढं काही बोलले नाही, कारण मला यायला उशीर झाला की माझी हजेरी तोच सांभाळून घ्यायचा.

वर्षाराणीला मंगळवारी कळलं. दहेजच्या एका माणसानं फोटो इंद्रजीतला पाठवून विचारलं, "भाभीजी है क्या?" इंद्रजीत मिळेल त्या गाडीनं घरी आला, तिच्याजवळ बसला आणि तिला वावगा शब्द बोलला नाही. या सगळ्या प्रकरणात नीट वागलेला पुरुष मला हा एकच सापडला. दोघं पोलिसांत गेली. तिथं विचारलं, कुणाकडून कुणाला गेले? ज्याला आले असा एक तरी माणूस आणा, त्याच्या फोनवरून मागं मागं जाता येईल. बुधवारी वर्षाराणीनं कंपनीत लेखी तक्रार दिली: माझा फोन टाइम ऑफिसात होता, चौकशी करा.

झाली चौकशी. तीन दिवस लोकांना विचारत होते. आणि काय सांगू, एकालाही फोटो आले नव्हते! ऐकलंय, पण पाहिले नाहीत. पाहिले, पण दुसऱ्याच्या फोनवर. दुसरा कोण? आठवत नाही. सोमवारी जे माना खाली घालून उभे होते ते सगळे एकाएकी साव झाले. मलाही विचारलं. मी म्हणाले, "मला नाही बाई आले."

शनिवारी तक्रार समिती बसली. अध्यक्ष अकाउंट्सच्या मेघाली मॅडम, त्यांना कुणी वाईट म्हणू नये एवढीच एक काळजी. मी कामगार बायकांची प्रतिनिधी. बाहेरच्या संस्थेची एक बाई असते, ती आलीच नव्हती, तिची सही नंतर घेणार होते. आणि प्रफुल्ल साहेब, जे समितीत नसूनही सगळं तेच बोलतात. आत जाण्याआधी त्यांनी मला बाजूला घेतलं. "मंदाताई, मुलगी तुमचं ऐकते. सही करून टाकायला सांगा. तिलाच बरं पडेल." वर्षाराणीचा राजीनामा त्यांनी आधीच टाइप करून आणला होता. कारण: वैयक्तिक.

वर्षाराणी आली. केतनही होता, इस्त्रीचा शर्ट घालून. साहेबांनी फाइल उघडली आणि टेबलावर चार कागद मांडले. ते तिचे फोटो होते. रंगीत, मोठे, ऑफिसच्या प्रिंटरवर काढलेले!

"हे काय?" माझा आवाज चढला.

"पुरावा," साहेब म्हणाले. "फाइलला लागतो."

"आणि तुम्हाला कुठून मिळाले? तुम्हालाही आले नव्हते ना?"

"पेन ड्राइव्हमध्ये होते. कुणीतरी टेबलावर ठेवून गेलं."

"कुणीतरी! वा रे वा."

मेघाली मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. वर्षाराणीनं हात पुढं केला आणि एकेक कागद पालथा घातला. चारही. माझा पदराशी चाळा चालला होता.

मग साहेबांनी नियम वाचला. आपल्या फोनची गुप्तता राखण्याची जबाबदारी ज्याची त्याची. पिनची चिठ्ठी तिच्या अक्षरात आहे, तिनं राजीखुशीनं चिकटवली. केतनवर आरोप करायला एकही साक्षीदार नाही. केतन म्हणाला, "साहेब, मला तर ते फोटो आलेच नाहीत. वर्षाराणीताईंना मी बहीण मानतो." चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात ते मी तेव्हा समोर बसून ऐकलं.

"चिठ्ठी लावायला मी सांगितलं होतं," मी म्हणाले. "आणि साहेब, तुम्ही मला त्याबद्दल शाबासकी दिली होती. तेही लिहा."

"तोंडी बोलण्याला अर्थ नसतो," साहेब म्हणाले. "साक्षीदार आहे का? ज्याला केतनकडून फोटो आले असा एक माणूस दाखवा, मी आत्ता याला पोलिसांच्या ताब्यात देतो. नसेल तर हा विषय इथंच संपवू. वर्षाराणी, तुझ्या भल्यासाठी सांगतोय. इथं रोज चारशे डोळ्यांसमोरून जाणार आहेस का?"

त्यांनी राजीनामा तिच्यासमोर सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं. ती कागदाकडं बघत राहिली. सासूच्या औषधपाण्याचं ती बघते, भाड्याची खोली तिच्या पगारावर चालते, हे मला माहीत होतं. गुन्हा दुसऱ्याचा आणि नोकरी हिची जाणार होती. आणि जाताना सगळ्यांनी म्हणायचं, बघा, काहीतरी असेल म्हणूनच गेली.

तिनं पेन उचललं. "ताई," ती मला म्हणाली, "करू का सही?"

आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. आठवडाभर मी सगळ्या कंपनीला शिव्या घातल्या. त्या बॉयलरवरच्या काकाला घातल्या, कंत्राटदाराला घातल्या, शेजारणीला घातल्या. आणि माझा फोन माझ्या पर्समध्ये होता.

"नको करू," मी म्हणाले. "मला आले होते."

 मी फोन काढला, मेसेज उघडला आणि मेघाली मॅडमपुढं ठेवला. चार फोटो, आणि खाली लिहिलेलं: "आई, ही तुमच्यातलीच ना?"

"आई?" मॅडमनी वाचलं.

"माझा मुलगा आहे. चोवीस वर्षांचा. शेजारच्या कंपनीत कामाला. केतनबरोबर क्रिकेट खेळतो." मी केतनकडं पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "यानं रविवारी यांच्या टीमच्या ग्रुपवर टाकले. स्वतःच्या नंबरवरून. वर लिहिलं, माल आमच्या खणातला. मी पोराच्या फोनमध्ये डोळ्यांनी पाहिलंय."

"मग ते तुम्ही मुलाच्या फोनमध्ये जपून ठेवलंय का?" साहेबांनी विचारलं.

"नाही. सोमवारी संध्याकाळी त्याच्या कानाखाली वाजवली आणि सगळं पुसायला लावलं." मला तेव्हा वाटलं होतं, मी केवढी न्यायी आई. कप्पाळ न्यायी! पुसायला लावलं ते वर्षाराणीसाठी नव्हतंच. पोराचं नाव यायला नको म्हणून लावलं होतं. हेही मी तिथं मोठ्यानं बोलले. "पण ग्रुपमध्ये वीस पोरं आहेत. माझा जितेश सांगेल सगळी नावं. नाही सांगितली तर मी त्याला पोलिसांपुढं उभा करते."

"मंदाताई, शांतपणे विचार करा." साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "फोटो पुढं पाठवणं हाही गुन्हाच आहे. तुमच्या मुलावरही केस होईल. त्याचं लग्नाचं वय आहे."

"होऊ दे केस. मॅडम, लिहा."

"नाव काय लिहू?" मेघाली मॅडमनी हळूच विचारलं.

"जितेश झुंबर कोळेकर. राहणार कुंभवली. आणि नात्याच्या जागी मुलगा लिहा."

त्यांनी लिहिलं. मी सही केली. माझं अक्षर एरवी बरं आहे, त्या दिवशी ते कोंबडीनं उकरल्यासारखं आलं. केतन पाणी मागत होता, पण कुणी उठलं नाही.

वर्षाराणीनं पेन खाली ठेवलं. राजीनाम्याचा कागद साहेबांकडं परत सरकवला आणि म्हणाली, "मी सोमवारी सकाळच्या पाळीला येणार आहे." मग पालथे घातलेले चारही कागद उचलून घडी केली आणि पर्समध्ये टाकले. साहेब "ते फाइलचे आहेत" म्हणाले, तिनं तिकडं लक्षही दिलं नाही.

बाहेर इंद्रजीत उभा होता. ती जिन्याशी थांबली, मी मागून आले. मला वाटलं, आता रडेल, माझ्या गळ्यात पडेल. खरं सांगते, मी त्या तयारीतच होते.

"पोलिसांत यावं लागेल तुम्हाला," ती म्हणाली.

"येते की. आत्ता चल."

"तुम्हाला सोमवारी कधी आले होते?"

"सकाळी. पाळीला निघण्याआधी."

तिनं पर्सची चेन लावली.

"सोमवारी दुपारी मी तुमच्या डब्यातलं जेवले, ताई. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. तुम्ही मला आग्रह करकरून वाढत होता."

मी होय म्हणाले.  ती जिना उतरून नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसली. मी रिक्षानं त्यांच्या मागोमाग गेले.